गप्पी पाळा, पण पिंपही घासा

पावसाळा लागला की आमच्या राजारामपुरीत दोन गोष्टी हमखास वाढतात. एक म्हणजे दवाखान्यांतली तापाच्या रुग्णांची गर्दी आणि दुसरी म्हणजे गप्पी माशांची चौकशी. ‘डॉक्टर, ते डास खाणारे मासे कुठे मिळतात हो? चार आणून पिंपात सोडले की झालं!’ असे विचारणारे दर आठवड्याला कोणी ना कोणी भेटते. विचारणाऱ्यांची कळकळ खरी असते. घरात एखाद्याला डेंग्यू होऊन गेलेला असतो किंवा शेजारच्या गल्लीत कोणी दवाखान्यात दाखल असते. आपण काहीतरी केले पाहिजे असे मनापासून वाटत असते आणि त्यात ‘गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा’ ही घोषणा भिंतीभिंतींवर वाचत आपण सारे लहानाचे मोठे झालो आहोत.

घोषणा चुकीची नाही. पण ती नीट वाचली पाहिजे. तिच्यात हिवताप म्हटले आहे, डेंग्यू म्हटलेले नाही. हा फरक केवळ शब्दांचा नाही. दोन्ही रोग डासांमुळे होतात खरे, पण ते डास निराळे आहेत आणि त्यांची अंडी घालण्याची जागाही निराळी आहे. गप्पी मासा एका ठिकाणी फार उपयोगी पडतो, तर दुसऱ्या ठिकाणी त्याचा उपयोग बेताचाच होतो आणि तिसऱ्या ठिकाणी तो नुकसान करतो. हे समजायला आधी हा प्राणी काय आहे ते पाहू.

गप्पी या नावाचा आपल्या गप्पांशी काही संबंध नाही! वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदाद बेटावर रॉबर्ट गप्पी नावाचे एक निसर्ग-अभ्यासक राहत होते. त्यांनी तिथल्या ओढ्यांतले हे मासे लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवले आणि १८६६ साली तिथल्या शास्त्रज्ञांनी माशाला त्यांचे नाव दिले. पुढे असे लक्षात आले, की पीटर्स या जर्मन शास्त्रज्ञाने १८५९ सालीच व्हेनेझुएलातल्या नमुन्यांवरून या माशाचे वर्णन करून ठेवले होते. त्यामुळे शास्त्रीय नाव पीटर्सने दिलेले राहिले, पोइसिलिया रेटिक्युलाटा. बोलण्यात मात्र गप्पी हेच नाव टिकले. मूळचा दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य टोकाचा आणि त्रिनिदादचा हा पाहुणा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या देशात आला. त्याचाच एक चुलतभाऊ गंबुसिया. तो मूळचा उत्तर अमेरिकेतला, पण १९२८ साली इटलीहून इथे आणला गेला. पुष्कळ लोक या दोघांना एकच समजतात.

नर गप्पी जेमतेम तीन सेंटिमीटर लांब असतो, म्हणजे आपल्या करंगळीच्या दीड पेरांएवढा. पण नटलेला असतो. केशरी, निळे, काळे ठिपके आणि पंख्यासारखी शेपटी. मादी त्याच्या जवळपास दुप्पट, रंगाने मात्र साधी, मातकट. तिच्या पोटाच्या मागच्या बाजूला एक काळसर डाग दिसतो आणि पिले होण्याचे दिवस जवळ आले की तो गडद होतो. ज्या घरांत काचेच्या पेटीत हे मासे आहेत तिथल्या मुलांना हे सगळे पाठ असते.

आणि पिले म्हटले ते जाणूनबुजून. बहुतेक मासे अंडी पाण्यात सोडतात, गप्पी मात्र पिलांना जन्म देतो. नराच्या पोटाखालचा एक पर बदलून काडीसारखा झालेला असतो, त्याच्या साहाय्याने तो वीर्य मादीच्या शरीरात सोडतो. अंडी मादीच्या पोटातच फुटतात आणि तीन ते चार आठवड्यांनी पोहता येणारी, स्वतःचे अन्न स्वतः शोधणारी पिले बाहेर पडतात. एका वेळी पाच-दहा पासून पन्नास-साठपर्यंत, मोठी मादी असेल तर त्याहूनही जास्त. दोन-तीन महिन्यांत ही पिले स्वतः आईबाप होतात. मादीची आणखी एक करामत आहे. एकदा मिळालेले वीर्य ती शरीरात कित्येक महिने साठवून ठेवू शकते. नर जवळ नसला तरी एकामागून एक वेत होतच राहतात. एकटीच मादी नव्या पाण्यात सोडली, तर तिच्यापासून अख्खी वस्ती उभी राहू शकते हे प्रयोगांत दिसून आले आहे. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

आई म्हणून मात्र तिचे फारसे कौतुक करण्यासारखे नाही. जन्म दिलेली पिले समोर आली तर ती खुशाल गिळते. शेवाळ, पाण्यातले बारीक किडे, कुजलेला पाला आणि स्वतःची पिले, गप्पीला काहीच वर्ज्य नाही. त्याचे तोंड वरच्या बाजूला वळलेले असते, म्हणून पाण्याच्या पृष्ठभागाजवळचे खाद्य टिपणे त्याला सोपे जाते. डासाची अळी श्वास घ्यायला पृष्ठभागावर येते आणि तिथेच ती सापडते. एक मोठा गप्पी दिवसाला ऐंशी ते शंभर अळ्या खातो असे सरकारी मार्गदर्शनात सांगितले जाते. पण हा आकडा अळ्यांशिवाय दुसरे काही खायला नसेल तेव्हाचा समजा. घरातली पोरे कौतुकाने रोज चुरमुरे आणि कणकेच्या गोळ्या टाकत असतील, तर तो मासा अळ्यांच्या मागे कशाला लागेल? भरल्या पोटी कामाला लागणारा प्राणी अजून जन्मायचा आहे.

त्रिनिदादच्या डोंगरी ओढ्यांत या माशावर जितका अभ्यास झाला तितका फार थोड्या माशांवर झाला असेल. तिथे धबधब्याच्या खालच्या डोहांत गप्पींना खाणारे मोठे मासे असतात आणि वरच्या डोहांत ते चढू शकत नाहीत. खालचे नर फिक्या रंगाचे, कारण झगझगीत दिसला की तो मेलाच. वरचे नर रंगीबेरंगी. जॉन एंडलर आणि डेव्हिड रेझनिक या शास्त्रज्ञांनी खालचे मासे वरच्या डोहांत नेऊन सोडले, तेव्हा थोड्याच वर्षांत त्यांच्या वंशजांचे रंगच नव्हे तर वयात येण्याचा काळ आणि पिलांची संख्यासुद्धा बदललेली आढळली. नव्या जागेत हा मासा इतक्या झपाट्याने स्वतःला बदलून घेतो. गढूळ पाणी, प्राणवायू कमी असलेले पाणी, गटाराचे पाणी, सगळीकडे तो तग धरतो. हिवताप खात्याला तो प्रिय झाला तो याच गुणामुळे, आणि याच गुणामुळे त्याच्याशी जपून वागायला हवे.

आता घोषणेतल्या हिवतापाकडे वळू. हिवताप ॲनोफिलिस डासामुळे पसरतो हे रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबादेत दाखवून दिले. शहरांत हिवताप पसरवणारा ॲनोफिलिसचा प्रकार विहिरी, हौद, टाक्या अशा साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. मुंबईत हिवतापाने धुमाकूळ घातला तेव्हा डॉ. बेंटली यांनी त्याचा तपास केला आणि १९११ सालच्या अहवालात मुंबईच्या घरोघरच्या विहिरींकडे बोट दाखवले. विहीर उपसून कोरडी करता येत नाही, रोज घासता येत नाही आणि ती नेहमी झाकलेली असतेच असे नाही. अशा पाण्यात मासा सोडणे हा शहाणपणाचा उपाय आहे. शेजारच्या कर्नाटकात कोलार जिल्ह्यातल्या गावांत विहिरींमधून गप्पी सोडून ॲनोफिलिसच्या अळ्या चांगल्या आटोक्यात आणल्या गेल्या. तेव्हा जुन्या वाड्यातला आड, शेतावरची वापरातली विहीर, जनावरांना पाणी पाजायचा मोठा हौद, बंद पडलेले कारंजे, अर्धवट बांधकामाच्या तळघरात साठलेले पाणी, या जागा गप्पीच्या. इथे तो जरूर सोडावा.

पण डेंग्यूचा आणि चिकुनगुनियाचा डास निराळा. २००६ साली चिकुनगुनियाची मोठी साथ महाराष्ट्रात आली, तेव्हा घरटी एक-दोन माणसे सांधे धरून बसलेली अनेकांनी पाहिली आहेत. २०२१ च्या जुलैमध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावी राज्यातला झिकाचा पहिला रुग्ण सापडला. डेंग्यू, चिकुनगुनिया आणि झिका या तिन्हींमागे एकच डास आहे, एडिस. अंगावर पांढरे पट्टे असलेला, दिवसाढवळ्या चावणारा. या डासाला विहीर नको असते. त्याला तुमचे घर हवे असते. वाटीभर पाणी त्याला पुरते.

राजारामपुरीतले एखादे घर डोळ्यांसमोर आणा. पहिल्या गल्लीतले म्हणा नाहीतर शेवटच्या, फारसा फरक पडत नाही. मोरीत पाण्याचे पिंप. जिन्याखाली प्लॅस्टिकचे बॅरल, वर फळी ठेवलेली पण एका बाजूला सरकलेली. फ्रीजच्या मागे पाणी साठणारा ट्रे, जो फ्रीज आणल्यापासून कोणी पाहिलेला नाही. दिवाणखान्यात बाटलीतला मनी प्लांट. गॅलरीत कुंड्यांखालच्या ताटल्या. उन्हाळ्यात वापरून कोपऱ्यात ढकललेला कूलर. गच्चीवर झाकण उडालेली टाकी, तिच्या शेजारी जुने टायर, नारळाच्या करवंट्या, पत्र्यावर टाकलेला प्लॅस्टिकचा कागद आणि त्याच्या सुरकुत्यांत साठलेले पावसाचे पाणी. खालच्या मजल्यावर दुकान किंवा दवाखाना असेल तर त्यांची अडगळ निराळीच. पलीकडे उद्यमनगरात गेलात तर भंगार आणि टायर यांना तोटा नाही.

यांतल्या किती ठिकाणी मासा सोडणार? फ्रीजच्या ट्रेमध्ये? करवंटीत? गप्पी कितीही काटक असला तरी टायरमधल्या वाटीभर पाण्यात तो जगणार नाही. फार तर पिंप आणि बॅरल ही दोन भांडी त्याच्या वाट्याला येतात. आणि तिथेही एक अडचण आहे. मासा मरू नये म्हणून मग ते बॅरल कोणी रिकामे करत नाही. तळाशी गाळ साचतो, कडेला शेवाळ धरते, मासा शेवाळ खाऊन सुखात राहतो आणि घरातली मंडळी निर्धास्त होतात. एखाद्या दिवशी मासा मरतो, ते कोणाच्या लक्षातही येत नाही. भिस्त मात्र तशीच राहते. मला खरी काळजी वाटते ती या निर्धास्तपणाची.

एडिसची मादी अंडी पाण्यात घालत नाही. भांड्याच्या आतल्या ओलसर कडेला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर ती चिकटवून ठेवते. पाणी ओतून टाकले तरी ती कडेला राहतात आणि कोरड्या भांड्यात कित्येक महिने जिवंत राहू शकतात. पुन्हा पाणी भरले की त्यांतून अळ्या बाहेर पडतात. म्हणून पिंप नुसते उपडे करून भागत नाही, आतून काथ्याने किंवा ब्रशाने खसाखसा घासावे लागते. अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला आपल्या हवेत साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करून, घासून, कोरडी केली, तर डासाला तो मुक्काम पुरा करता येत नाही. ‘कोरडा दिवस’ पाळा असे आरोग्य खाते सांगते ते या हिशेबाने. शिवाय हा डास फार लांब उडत नाही, काहीशे मीटर म्हणजे डोक्यावरून पाणी. तुम्हाला चावणारा डास बहुधा तुमच्याच घरात किंवा तुमच्याच गल्लीत जन्मलेला असतो. गावाला नावे ठेवण्यापूर्वी आपला फ्रीज पुढे ओढून पाहावा.

गप्पींच्या उपयोगाबद्दल शास्त्रज्ञांतही एकमत नाही. हिवतापासाठी मासे सोडण्याच्या जगभरातल्या प्रयोगांची छाननी २०१७ साली प्रसिद्ध झाली. मासे सोडलेल्या पाण्यात अळ्या कमी झाल्याचे काही ठिकाणी दिसले, पण त्यामुळे माणसांमधला हिवताप कमी झाला असे म्हणण्याजोगा भक्कम पुरावा मिळाला नाही, असा तिचा सूर होता. याचा अर्थ मासे कुचकामी आहेत असा नव्हे. अळ्या कमी होणे ही चांगलीच गोष्ट आहे. पण एकट्या माशावर घरच्या आरोग्याची जबाबदारी टाकण्याइतका हा पुरावा नाही, एवढे खास.

कोल्हापुरात पाणी साठवण्याची सवय का पडली हे सगळ्यांना ठाऊक आहे. नळाला पाणी कधी येईल आणि कधी जाईल याचा भरवसा नाही, म्हणून गृहिणी जेवढी भांडी आहेत तेवढी भरून ठेवतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. काळम्मावाडीच्या थेट पाईपलाईनचे पाणी २०२३ च्या दिवाळीत शहरापर्यंत पोचले, पण वर्षानुवर्षांची सवय एका दिवाळीत जात नाही. शिवाय पाईपलाईनचे पाणी फुटक्या व्हॉल्व्हमुळे अडले की पुन्हा बॅरल आहेच. डेंग्यूविरुद्धचा सर्वांत मोठा उपाय कोणता असे कोणी मला विचारले, तर मी माशाचेही नाव घेणार नाही आणि धुराच्या गाडीचेही नाही. रोज ठरलेल्या वेळी पुरेसे पाणी. घरात साठा लागला नाही, तर डासाला जागाच उरत नाही. धुराची गाडी गल्लीतून गेली की लोकांना बरे वाटते, पण धूर फार तर उडणाऱ्या डासांना मारतो. पिंपातल्या अळ्यांना त्याचा पत्ताही लागत नाही.

आता मघाचा एकट्या मादीचा मुद्दा. बॅरल रिकामे करताना मासे मोरीत जातात. मोरीतून गटारात, गटारातून नाल्यात. जयंती नाला शेवटी पंचगंगेलाच मिळतो. दुसरा कोणी उत्साही गृहस्थ पुण्य समजून उरलेले मासे रंकाळ्यात, राजाराम तलावात किंवा कळंब्यात सोडून येतो. पिले देणारी एक मादी तिथे पोचली, तर काय होऊ शकते ते वर सांगितले आहे. पश्चिम घाटातल्या आपल्या नद्या-ओढ्यांत देशी माशांच्या किती तरी जाती आहेत, त्यांतल्या काही जगात दुसरीकडे कुठेही सापडत नाहीत. गप्पी आणि गंबुसिया त्यांच्या वाटणीचे खाद्य खातात, आणि गंबुसिया तर इतर माशांची अंडी आणि पिलेही सोडत नाही. गंबुसियाचे नाव जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जीवांच्या यादीत आहे. राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाने या दोन्ही माशांची नोंद परक्या आक्रमक जातींमध्ये केली आहे आणि २०२५ साली हे मासे पाण्यात सोडण्याच्या प्रश्नावर राष्ट्रीय हरित लवादाने केंद्र सरकारकडे उत्तर मागितले. गंमत अशी, की अळ्या खाणारे मासे आपल्याकडे मुळातच आहेत. ओढ्याच्या संथ पाण्यात पृष्ठभागालगत पोहणारा, डोक्यावर चमकता पांढरा ठिपका असलेला ॲप्लोकायलस जातीचा छोटा मासा पुष्कळांनी लहानपणी ओंजळीत पकडला असेल. तो अळ्या खातो. ज्या तळ्यात असे देशी मासे आहेत तिथे परका मासा सोडायची गरजच काय? तळ्यात अळ्या झाल्या असतील, तर कारण बहुधा जलपर्णी आणि सांडपाणी हे असते, माशांची टंचाई नव्हे.

तेव्हा ज्यांच्याकडे आड, विहीर किंवा मोठा हौद आहे, त्यांनी महापालिकेच्या किंवा जिल्हा हिवताप कार्यालयाच्या माणसांना विचारून गप्पी आणावेत. हौदाच्या काठाच्या दर मीटरला पाच-दहा मासे पुरतात, नर आणि मादी दोन्ही असावेत. आणलेल्या पिशवीतले पाणी आणि हौदातले पाणी एकदम बदलू नये, पिशवी थोडा वेळ हौदात तरंगत ठेवून मग मासे सोडावेत. त्या पाण्यात ब्लीचिंग पावडर पडली तर मासे मरतात. आठवड्यातून एकदा वाकून पाहावे. मासे दिसत नसतील, वळवळे दिसत असतील, तर नवे मासे आणावेत. उपसणीच्या वेळी मासे जाळीने काढून बादलीत ठेवावेत. पिण्याच्या पाण्यात मात्र मासा नको. मासा पाणी शुद्ध करत नाही, त्यात घाणच करतो. पिण्याच्या पाण्याला घट्ट झाकण हवे आणि टाकीच्या हवेच्या नळीला बारीक जाळी हवी.

महापालिकेच्या आरोग्य विभागालाही एक सुचवावेसे वाटते. मासे वाटल्याचे आकडे आणि छायाचित्रे आपण वर्तमानपत्रांत वाचतो. त्याऐवजी, किती विहिरींत मासे सोडले, त्यांतल्या किती विहिरींत सहा महिन्यांनी ते जिवंत होते आणि किती घरांत अळ्या सापडल्या, हे आकडे गल्लीवार प्रसिद्ध झाले तर लोकांना त्याचा अधिक उपयोग होईल. आपल्या गल्लीचे नाव यादीत वर आलेले कोणाला आवडेल? तपासणीला येणाऱ्या आरोग्य सेविकांना दारातूनच ‘आमच्याकडे काही नाही हो’ म्हणून परत पाठवणारी सुशिक्षित कुटुंबे आपल्या भागात कमी नाहीत. त्यांनी एकदा त्या ताईंना आत येऊन बॅटरीच्या उजेडात बॅरल दाखवू द्यावे.

आणि घरात कोणाला ताप आलाच, तर मनाने ॲस्पिरिन किंवा अंगदुखीच्या इतर गोळ्या देऊ नका, डेंग्यू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. तापासाठी पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात. ताप उतरला म्हणजे आजार गेला असेही समजू नका. डेंग्यूत ताप उतरतानाचेच एक-दोन दिवस जोखमीचे असतात. त्या वेळी पोटात जोरात दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, अंग गार पडणे, लघवी कमी होणे किंवा मूल मलूल पडणे यांपैकी काही दिसले तर रात्र काढू नका, तडक दवाखाना गाठा.

पुढच्या आठवड्यात कूलर आणि गच्चीवरच्या टाक्या यांच्याविषयी लिहीन. तोवर रविवारी सकाळी फ्रीज पुढे ओढून मागचा ट्रे पाहून घ्या. त्यात काय निघाले ते कळवलेत तर पुढच्या लेखाला उपयोग होईल.